मुलांची इमर्जन्सी : कॅज्युअल्टीच्या दाराआड काय चालतं? (इंदूर आणि आसपास)

रात्रपाळी

मी इंदूरात मुलांच्या तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. कुठल्या दवाखान्यात ते विचारू नका. दारात दोन भांडणं ठरलेली असतात. पहिलं, "आम्ही आधी आलो, त्यांना आधी का घेतलं?" दुसरं, "पोर तापाने फणफणतंय आणि तुम्ही साधी सलाईनची बाटली लावत नाही?" रात्री दोन वाजता यांची नीट उत्तरं देणं होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आत आल्यावर केसपेपरच्या आधी सिस्टर पोराकडे नुसती बघते. हात न लावता, अर्ध्या मिनिटात. भान कसं आहे: आईकडे बघतंय, रडतंय, की निपचित पडलंय. श्वास कसा आहे: बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलताहेत का, कण्हतंय का. रंग कसा आहे: पांढराफटक, निळसर, की अंगावर जाळी उमटलीय. यावरून तीन गट पडतात: आत्ताच्या आत्ता बघायची मुलं, थोड्या वेळात बघायची आणि थांबू शकणारी. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतही हीच आहे. आता गंमत बघा. भोकाड पसरलेलं मूल बहुधा तिसऱ्या गटात जातं आणि आईच्या खांद्यावर गप्प मान टाकलेलं पहिल्यात. बाकावर बसलेल्यांना नेमकं उलट वाटतं आणि भांडण सुरू होतं.

त्यानंतर वजन. मुलांचं प्रत्येक औषध किलोवर ठरतं. मूल काट्यावर ठेवण्याच्या स्थितीत नसेल तर एक रंगीत पट्टी असते. ती पोराच्या शेजारी अंथरायची, लाल टोक डोक्याशी धरायचं, टाच ज्या रंगावर येईल त्या रंगात वजनाचा अंदाज आणि औषधांचे डोस छापलेले असतात. आपल्याकडच्या बारीक अंगाच्या मुलांत ही पट्टी वजन थोडं जास्त दाखवते, म्हणून जमेल तिथे काटाच बरा. आईने "गेल्या महिन्यात अकरा किलो होता" एवढं सांगितलं तरी आमचं मोठं काम होतं.

भिंतीवर तक्ते लावलेले असतात: आकडी, दम, जुलाब, विषबाधा, बेशुद्धी. प्रत्येकात पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला वेळ. रात्री सगळ्यात ज्युनियर डॉक्टर हजर असतो, समोर आई रडत असते, त्या वेळी आठवणीवर विसंबायचं नाही म्हणून हे लिहिलेलं.

उदाहरणादाखल आकडीच घेऊ, कारण आईबाप सगळ्यात जास्त तिलाच घाबरतात. मूल झटके देतच आत आलं तर पहिलं काम म्हणजे कुशीवर वळवणं, तोंडातला फेस आणि लाळ ओढून घेणं, ऑक्सिजन लावणं. त्याच वेळी बोटाला टोचून साखर बघायची. साखर कमी असली तर बाकी कशाने आकडी थांबणार नाही, आणि हे विसरायला फार सोपं आहे. पाच मिनिटं उलटली तरी झटके चालू असतील तर आकडी थांबवणारं औषध द्यायचं: मिडाझोलम नाकात किंवा, शीर मिळाली तर, लोराझेपाम शिरेतून. पुढच्या पाच मिनिटांत थांबलं नाही तर तोच डोस पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा नाही, कारण श्वास दाबला जातो. मग आकडीची पुढची औषधं: लेव्हेटिरासेटाम, फॉसफेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट. या तिघांची २०१९ साली मोठी तुलना झाली, तिन्ही सारखीच उतरली. म्हणजे कोणतं द्यायचं यावर वाद घालत बसण्यापेक्षा हाताशी असेल ते वेळेवर देणं महत्त्वाचं.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. विचारा.

सेव_परमल

डॉक्टर, धागा काढलात ते फार बरं केलंत. आमच्या मुलीला दोन वर्षांची असताना तापात झटका आला होता. त्या वेळी चाळीतून एक जण कांदा घेऊन आला, दुसऱ्याने चप्पल आणली, तिसरे काका दातांत चमचा घालायला निघाले. तुम्ही पाच मिनिटांचं लिहिलंय, पण घड्याळाकडे बघायचं भान तेव्हा कुणाला असतं? मला तर तो अर्धा तास वाटला होता.

रात्रपाळी

सगळ्यांना तसंच वाटतं. म्हणून एक करा. घरात दोन माणसं असतील तर एकाने मुलाला कुशीवर धरायचं आणि दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ सुरू करायचा. वेळ आपोआप मोजली जाते. शिवाय झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच हातापायाला, डोळे कुठे फिरले होते, हे आम्हाला बघायला मिळतं. आम्ही आत येईपर्यंत बहुतेक मुलं थांबलेली असतात आणि घरच्यांच्या वर्णनातून काही कळत नाही. दुःखाच्या वेळी शूटिंग काय करता म्हणून सासूबाई रागावतील, रागावू द्या.

तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध नाही. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतात, आणि तुटलेला दात श्वासनळीत गेला की त्याची वेगळी इमर्जन्सी होते. हातपाय दाबून धरू नका. गळ्याशी बटण असेल तर सैल करा.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात, तापात, सगळं अंग एकदम झटकलं गेलं, पंधरा मिनिटांच्या आत थांबलं आणि चोवीस तासांत पुन्हा आलं नाही, तर ती साधी तापातली आकडी. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते, त्यातल्या साधारण तिघांत एकाला पुन्हा कधी तरी येते. डोक्याचा सीटी लागत नाही, ईईजी (मेंदूचा आलेख) लागत नाही, रोजची फिटची गोळीही लागत नाही. ताप कशाचा आहे ते शोधायचं, बस.

राजवाडा_जवळच्या_आजी

अगं बाई, कांद्याला इतकं का नावं ठेवता? आमच्या सासरी पाच मुलांना हुंगवलाय, पाचही शुद्धीवर आली. आता नातवंडांची लग्नं झाली.

रात्रपाळी

आजी, तुमच्या हाताला यश होतं, ते नाकारत नाही. पण बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात, आणि कांदा फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच. माझी हरकत हुंगवण्याला कमी आणि त्यापायी मूल उताणं राहतं याला जास्त आहे. उलटी झाली तर सरळ फुप्फुसात जाते. आधी कुशीवर घ्या, मग हवं तर कांदा आणा!

जुना_होळकरी

सगळं वाचलं. मला यात डॉक्टरकीपेक्षा कारकुनीच जास्त दिसते. पायरी एक, पायरी दोन, खूण करा, पुढे चला. आमचे रामबागेतले जुने डॉक्टर पोराच्या पोटावर हात ठेवून काय झालंय ते सांगायचे. आता मशीन सांगेल ते औषध आणि तक्ता सांगेल ती तपासणी. उद्या तक्त्याबाहेरचं पोर आलं तर काय करणार?

रात्रपाळी

होळकरी, प्रश्न योग्य आहे, टोमणाही घेतला. पण तक्त्याचा निम्मा भाग काय करायचं नाही हे सांगण्यासाठी असतो. दोन वर्षांच्या आतलं मूल, सर्दी, मग छातीत सूं सूं, धाप. याला ब्राँकिओलायटिस म्हणतात, विषाणूचा आजार, हिवाळ्यात रांग लागते. यात अँटिबायोटिकचा उपयोग नाही, स्टेरॉइडचा नाही, दम्याच्या औषधाची वाफ सरसकट द्यायची नाही. नाक मोकळं करायचं, ऑक्सिजन कमी असेल तर द्यायचा, दूध पीत नसेल तर नळीने पोटात द्यायचं आणि लक्ष ठेवायचं. "काही दिलंच नाही" म्हणून नातेवाईक दुसरीकडे उचलून नेतात आणि तिथे सगळं मिळतं. तक्ता नसेल तर रात्री तीन वाजता त्या दबावाखाली ज्युनियर डॉक्टरही काही तरी देऊन मोकळा होईल.

आणि तक्त्याबाहेरचं मूल ओळखणं हीच खरी डॉक्टरकी, यात आपण एकाच बाजूला आहोत. तापात आकडी आली, दोन मिनिटांत थांबली, सगळं साध्या चौकटीत बसलं. पण तासाभराने मूल आईला ओळखत नाही, टाळू फुगलीय, मान वळवली की कळवळतंय, किंवा अंगावर दाबल्यावरही न मिटणारे जांभळे ठिपके आहेत. तिथे साध्या आकडीचा तक्ता बाजूला ठेवायचा. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायचं, आणि मूल फार अस्थिर असेल तर तपासणीसाठी न थांबता मेंदुज्वराचं अँटिबायोटिक आधी सुरू करायचं.

तुमच्या डॉक्टरांच्या हाताचं म्हणाल, तर तो हात मलाही हवाय. पण ते रात्रपाळीला नसायचे.

सुदामानगर_मम्मी

भागीरथपुऱ्यात २०२५च्या डिसेंबरअखेरीस नळाच्या पाण्यात घाण मिसळून जी जुलाब-उलट्यांची साथ आली, तेव्हापासून घरात कुणाला जुलाब झाले तरी धडकी भरते. माझा धाकटा दीड वर्षाचा आहे. सलाईन कधी लागतं आणि घरी कधी भागतं, हे कृपया सविस्तर लिहाल? आमच्या इथे गल्लीतल्या दवाखान्यात गेलं की आधी बाटलीच लावतात आणि बरं वाटतं हेही खरं.

रात्रपाळी

सविस्तरच लिहिते, कारण इंदूरच्या पावसाळ्यात माझ्या ड्युटीचा मोठा हिस्सा हाच असतो.

आम्ही चार गोष्टी बघतो: भान, डोळे, तहान, पोटाची कातडी. मूल खेळतंय, डोळ्यांत पाणी आहे, तर घरीच ओआरएस, दर जुलाबामागे. चिडचिड करतंय, डोळे खोल गेलेत, पेला दिसला की झडप घालतंय आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर जातेय, तर मधली अवस्था. यात चार तासांत किलोमागे ७५ मिली ओआरएस जायला हवं. तुमचा मुलगा दहा किलोचा धरला तर ७५० मिली. वाटीने ढोसायचं नाही, चमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांनी एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि आणखी हळू सुरू करायचं. उलट्या थांबतच नसतील तर उलटी थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनचा एक डोस आम्ही देतो आणि बहुतेकांची सुई टळते. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

मूल निपचित आहे, पिऊ शकत नाही, चिमटा सोडल्यावर कातडी दोन सेकंदांहून जास्त तशीच उभी राहतेय, तर मात्र बाटलीच आणि तीही भरभर. रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन, किलोमागे १०० मिली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पहिले ३० मिली एका तासात आणि उरलेले ७० पुढच्या पाच तासांत, मोठ्याला पहिले ३० अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. मूल कुपोषित असेल तर हा हिशोब पूर्ण बदलतो, त्याचं हृदय एवढं पाणी झेलत नाही.

गल्लीतल्या बाटलीने बरं वाटतं, कारण पाणी गेलेलंच असतं. पण तेवढंच पाणी तोंडाने गेलं असतं तर सुईची जागा सुजणं आणि त्यातून येणारा संसर्ग टळला असता.

आता नुसत्या तापाची बाटली, ज्यावरून दारात भांडण होतं. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या दवाखान्यांत तीन हजारांहून जास्त मुलांवर एक अभ्यास झाला. ताप आणि हातपाय गार, अशा मुलांना काहींना सलाईन भराभर दिलं, काहींना नाही. दिलेल्यांत ४८ तासांत दगावण्याचं प्रमाण १०.५ टक्के होतं, न दिलेल्यांत ७.३. ज्यांनी अभ्यास आखला त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं. जुलाबाची मुलं त्यात घेतलेली नव्हती, म्हणजे जुलाबाचा हिशोब वेगळाच. तेव्हापासून नुसता ताप आहे म्हणून सलाईन लावायला माझा हात धजत नाही.

एक राहिलंच. जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस द्यायचं. सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्यांना १०. तिसऱ्या दिवशी सगळे बंद करतात.

औषधवाला_भिया

मी दुकानात बसतो, काउंटरवरून रोज जे बघतो ते लिहितो.

एक, ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एका लिटरात. लोक चिमूटभर काढून ग्लासात घालतात आणि पाकिटाला रबरबँड लावून ठेवतात. कमी पाण्यात जास्त पावडर गेली तर अंगात मीठ वाढतं, ते जुलाबापेक्षा वाईट. लहान पाकिटं वेगळी येतात, ती किती पाण्यात घालायची ते पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा. कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतायचं.

दोन, डब्यातली गोड सरबतं ओआरएस म्हणून खपत होती. २०२५च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) असल्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणून झालं. तरी गिऱ्हाईक "तो ऑरेंजवाला ओआरएस" मागतंच.

तीन, सगळ्यात डोकेदुखी म्हणजे पॅरासिटॅमॉल. डॉक्टर फोनवर सांगतात दीड मिली, कारण त्यांच्या डोक्यात ड्रॉप्स असतात, एका मिलीत १०० मिलिग्रॅम. घरात असतं सिरप, पाच मिलीत १२० किंवा २५०. दहा किलोच्या पोराला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर ड्रॉप्स दीड मिली, २५०वालं सिरप तीन मिली, १२०वालं सव्वासहा. आता सिरपचे दीड मिली दिले तर ताप उतरणार नाही आणि ड्रॉप्सचे सहा मिली दिले तर यकृताचं काय होईल ते डॉक्टरांना विचारा. बाटली हातात धरून, लेबल वाचून विचारत जा भिया. "एक चमचा देऊ का" असं विचारू नका, तुमचा चमचा मी बघितलेला नाही.

रात्रपाळी

औषधवाला, हे दुकानाबाहेर पाटी करून लावा. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ड्रॉप्सचे सहा मिली एकदा चुकून गेले तर दवाखान्यात फोन करून विचारा. पण ते दर चार तासांनी दोन दिवस जात राहिले तर यकृत निकामी होऊ शकतं. त्यावर एनॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, तोही वेळेत दिला तर.

खोकल्याच्या औषधाचं तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहिते. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच राज्यात, छिंदवाड्याकडे, कफ सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि वीसहून जास्त मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यांची लघवी बंद झाली होती. भेसळ बाजूला ठेवली तरी दोन वर्षांच्या आतल्यांना खोकला-सर्दीचं सिरप देऊच नये आणि पाचच्या आत सहसा देऊ नये, ही केंद्राची सूचना आहे. आणि मुलाने सहा-आठ तासांत लघवी केली नसेल तर ते आम्हाला आत आल्या आल्या सांगा, आजार कोणताही असो.

सयाजीगंज

वडोदऱ्याहून. लगोलग ताप, उलटी, आकडी, बेशुद्धी असा क्रम ऐकला की आम्हाला २०२४चा जुलै आठवतो, गुजरातभर चांदीपुरा पसरला होता. विषाणूला नाव नागपूरकडच्या गावाचं, १९६५ साली तिथे सापडला म्हणून, आणि धास्ती इथल्या आयांना. त्याला वेगळा उपचार असतो का?

रात्रपाळी

त्या विषाणूवर औषध नाही. आकडी थांबवणं, साखर सांभाळणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास जपणं, म्हणजे वरचाच तक्ता. फरक वेगाचा. सकाळी ताप आलेलं मूल चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बेशुद्ध होऊ शकतं, म्हणून "उद्या बघू" म्हणायला जागा नसते. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते, तिकडे लक्ष द्या.

चिवड्यातला_दाणा

माझं नाव बघून हसू नका, प्रश्न गंभीर आहे. आमच्या घरी दुपारी सेव, दाणे, चिवडा असं काही ना काही ताटलीत पडलेलंच असतं. पुतण्या अकरा महिन्यांचा, रांगत ताटलीपर्यंत पोचतो. घशात अडकलं तर काय करायचं? यूट्यूबवर दहा प्रकार दिसतात.

सिस्टर_आक्का

डॉक्टर मॅडम ड्युटीवर असतील, मी सांगते. वीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली आहेत.

जोरात खोकतंय, रडतंय, आवाज येतोय, तर हात लावू नका. खोकू द्या. आवाज बंद, ओठ निळे, खोकला फुसका, तर मग कामाला लागायचं. एक वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, जबडा हाताने धरायचा, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच फटके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा फटके. वर्षावरच्या मुलाला पाठीत पाच फटके, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर पाच झटके. लहान बाळाच्या पोटावर झटके द्यायचे नाहीत, यकृत फाटतं. तोंडात दिसत असेल तरच काढा. न दिसणाऱ्यासाठी बोट फिरवू नका, आणखी आत ढकलाल. बेशुद्ध झालं तर जमिनीवर ठेवून छाती दाबायला सुरुवात, तीस दाब, दोन श्वास, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा.

आणि वहिनींना सांगा, पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नाही. कूट करून द्या.

रात्रपाळी

आक्का, तंतोतंत. फक्त पुढचं जोडते, कारण तिथेच गोष्टी राहून जातात. ठसका लागला, निळं पडलं, मग आपोआप बरं झालं, सगळे हुश्श म्हणतात. चार दिवसांनी खोकला, एका बाजूने सूं सूं, मग न्यूमोनियाचं औषध चालू. दाणा एका बाजूच्या नळीत बसलेला असतो. एक्स-रेत दाणा दिसत नाही, सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. म्हणून "खाताना ठसका लागला होता का" हा प्रश्न आमच्या तक्त्यात वरच्या बाजूला असतो. उत्तर हो असेल तर एक्स-रे कसाही येवो, दुर्बिणीने श्वासनळी बघायची.

रिमोटमधला बटण सेल गिळला तर याहून घाई. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजायला लागतो. मूल वर्षावरचं असेल आणि गिळता येत असेल तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी घरी थांबू नका, उलटी करवू नका. रॉकेल, फिनाइल, टर्पेंटाइन प्यायलं तरी उलटी करवायची नाही, ते पोटात असण्यापेक्षा फुप्फुसात जाणं वाईट.

महूकर

शेतावर विंचू फार आहेत, गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पोराला चावला. गावातल्याने दोरी बांधली, वर चिरा दिला. दवाखान्यात दोरी सोडली आणि गोळी दिली. एवढंच?

रात्रपाळी

ती गोळी प्राझोसिन असणार, मूळची रक्तदाबाची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचवावर ती वापरून दाखवली आणि त्यानंतर मुलं दगावण्याचं प्रमाण कुठल्या कुठे खाली आलं. नुसतं दुखत असेल तर वेदनाशामक पुरतं. घाम सुटला, उलट्या, हातपाय गार पडले, तर विष हृदयापर्यंत पोचलंय, तिथे प्राझोसिन, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि मिळत असेल तर विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही. मूल झोपवून ठेवायचं, रक्तदाब पडू शकतो. दोरी, चिरा, चोखणं, काही नको, सापालाही नको.

बाल्कनीतला_बाप

मुलगा पलंगावरून पडला, कपाळावर टेंगूळ. एका खासगी दवाखान्यात लगेच सीटी काढला, बिल बघून मलाच चक्कर आली. लागत होता का?

रात्रपाळी

न बघता "नव्हता लागत" असं म्हणणार नाही. पण यासाठी बेचाळीस हजारांहून जास्त मुलांवरून बनवलेली एक चाळणी आहे, २००९ सालची. दोन वर्षांच्या आतल्या मुलात बघायचं ते असं: भान नीट आहे का, पाच सेकंद किंवा जास्त शुद्ध गेली होती का, तीन फुटांहून उंचावरून पडलं का, कवटीला खाच लागतेय का, टेंगूळ कपाळ सोडून दुसरीकडे आहे का, आणि आईला ते नेहमीसारखं वाटतंय का. शेवटचा प्रश्न त्या चाळणीत खरोखर आहे, आईचं मत तिथे मोजलं जातं. कपाळावरचं टेंगूळ, बाकी सगळं ठीक, तर सीटीची गरज नसते. अधलंमधलं काही असेल तर चार-सहा तास नजरेखाली ठेवतात.

पोहेवाली_कॉलनी

गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी काय करायचं? राजवाड्याकडे सगळे रस्ते बंद. आमच्या गल्लीत १०८ आली तरी आत कशी येणार?

रात्रपाळी

आकडीचं, तापाचं, जुलाबाचं मूल खुशाल स्वतःच्या गाडीतून आणा, मागच्या सीटवर एकाने कुशीवर धरून. दुचाकीवर मधे बसवून आकडीचं मूल आणू नका. श्वास बंद असेल तर आधी घरी दाब सुरू करा, गाडी नंतर. सरकारीत एम.वाय. (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाच्या आवारातच चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे, मुलांचंच. खासगीत कुठे रात्री मुलांचा डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतो आणि कुठे नुसता फोनवर असतो, हे दिवसा जाऊन विचारून ठेवा. पाटीवर सगळ्यांच्याच चोवीस तास लिहिलेलं असतं.

सेव_परमल

शेवटचं एक. मुलीच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे लिहून दिलाय. चिठ्ठीवर आठ वेळा दाबायला लिहिलंय, हे जास्त नाही ना? आणि तो मारल्यावर लगेच निघायचं की थांबायचं?

रात्रपाळी

मुलीचं वजन किती? आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच स्प्रेंत एका दाबाला अर्धा मिलिग्रॅम येतं आणि हिशोब किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. दहा किलोला चार दाब, वीस किलोला आठ. तुमच्या बाटलीवर अर्धा मिलिग्रॅमच लिहिलंय का ते बघून घ्या. निम्मे एका नाकपुडीत, निम्मे दुसरीत. नवीन बाटली आधी हवेत दोन-तीनदा दाबून फवारा येतोय का बघायचा, नाहीतर पहिले दाब रिकामेच जातात. पाच मिनिटं झाल्यावरच मारा, त्याआधी नाही, आणि मारल्यावर निघा, थांबलं तरी निघा, श्वासावर लक्ष ठेवत. दुसरा डोस घरी नको.

सेव_परमल

एकोणीस किलो. बाटलीवर अर्धाच लिहिलंय, पण एक्स्पायरी गेल्या महिन्यातली निघाली. उद्या औषधवाल्याकडे जातो.

औषधवाला_भिया

चिठ्ठी घेऊन या, विनाचिठ्ठी देणार नाही. आणि फ्रिजवर नाही, मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

रात्रपाळी

दमा आणि स्पेसरबद्दल (दम्याच्या पंपाला लावायची नळी) तिघांनी व्यक्तिगत निरोप केलाय. तो विषय मोठा आहे, वेगळा धागा काढते.